बियाला राखलेला वेल: परसबागेतले बी शरदात कसे धरावे

मृगात लावलेली बाग आश्विनात थकते. भेंडी निबर व्हायला लागते, मांडवावर पानाआड राहून गेलेला दोडका वाळून तपकिरी होतो, चवळीच्या शेंगा तडकू लागतात. पुढच्या पावसाळ्याचे बी मिळण्याचे हेच दिवस. बहुतेक बागांत ते नेमके राहून गेलेल्या फळांतूनच घेतले जाते: तोडायची विसरलेली भेंडी, वेलाच्या शेंड्याचा खुरटा दुधी. बी बिघडायला सुरुवात इथेच होते. वेल संपत आला की फळ पोसायला पुरेशी पाने उरत नाहीत, त्यामुळे शेवटच्या फळातले बी हलके आणि पोचट निघते. आणि नजरेतून सुटलेले फळ चांगले म्हणून निवडलेले नसते. बियाचे झाड वेल भर बहरात असतानाच, म्हणजे भाद्रपदात, ठरवावे आणि खुणेला देठाला रंगीत चिंधी बांधावी. घरातल्या सगळ्यांना तिचा अर्थ सांगून ठेवावा, नाहीतर बियाला ठेवलेली भेंडी पानात येते.

कोणत्या झाडाचे धरावे

आधी बियाणे आणलेल्या पाकिटावर पाहावे. ‘एफ-१’ किंवा ‘संकरित’ लिहिले असेल तर बी धरण्यात अर्थ नाही. संकरित वाणाच्या बियातून पुढच्या वर्षी एकसारखी झाडे येत नाहीत. दोन मूळ जातींचे गुण वेगवेगळे फुटून निघतात. एका झाडाला लांब फळ, दुसऱ्याला आखूड, तिसऱ्याला नुसती पाने. गावरान वाण किंवा पाकिटावर ‘सुधारित’ अथवा ‘सरळ वाण’ लिहिलेले बियाणे असेल तर खुशाल धरावे.

निवड फळावरून करू नये, झाडावरून करावी. एकच मोठा दुधी लागला आणि बाकी वेल रिकामा, तर तो दुधी बियाला नको. सारखी फळे धरणारे, कीड कमी लागलेले, पावसाच्या उघडिपीत तग धरून राहिलेले झाड घ्यावे. भेंडीवर केवडा, म्हणजे पिवळ्या शिरांचा रोग, हटकून येतो. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, बियातून जात नाही. पण शेजारची झाडे पिवळी पडली असताना जे झाड हिरवे राहिले त्याच्यात रोग सोसण्याचा गुण असू शकतो, आणि तो गुण बियातून उतरतो. चवळीचे उलट आहे. पानावर फिक्या-गडद हिरव्या चट्ट्यांचा मोझॅक दिसला तर त्या झाडाची एकही शेंग ठेवू नये, कारण हा रोग बियातूनच पुढे येतो. टोमॅटोच्या मोझॅकचेही तसेच.

बी एकाच झाडाचे नको. चवळी आणि गवार आपल्याच फुलात फळतात, त्यांची दोन-तीन झाडे पुरतात. भेंडी, वांगी, मिरची यांची निदान आठ-दहा झाडे असावीत, वेलांचे पाच-सहा वेल. घरच्या बागेत इतकी जागा नसते. अशा वेळी तेच वाण लावणाऱ्या शेजाऱ्याशी दरवर्षी थोडे बी बदलून घ्यावे. एकाच वेलाचे बी पिढ्यान्‌पिढ्या लावत राहिले की वाण कमजोर होऊ शकते.

वेलांची भेसळ

इथे थोडे थांबू, कारण परसबागेतले बी सर्वांत जास्त वेलांमध्ये फसते. वेलवर्गीय भाज्यांत नर आणि मादी फूल वेगळे असते आणि पराग मधमाश्या नेतात. बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमांत वेलांच्या दोन वाणांमध्ये प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणे वाढवतात त्यासाठी, १००० मीटर अंतर लागते. वाड्यात, सोसायटीत, गावातल्या परसात हे अशक्य. शेजारच्या गल्लीत गोल दुधी असेल तर तुमच्या लांब दुधीच्या बियातून पुढच्या वर्षी भलताच आकार येईल.

आकार बदलला तर फार बिघडत नाही. कडू निघाला तर बिघडते. रानात आणि कुंपणांवर कडू दोडकी असते, कडू भोपळ्याचे वेलही असतात. त्यांचा पराग आला की पुढच्या पिढीत कडूपणा उतरतो. यात एक फसवी गोष्ट आहे. फळाचा गर आईवेलाचा असतो, आत वाढणारे बी मात्र आई-बाप दोघांचे. त्यामुळे यंदाचे फळ गोड लागले म्हणून त्यातले बी चांगले, असा निष्कर्ष निघत नाही. भेसळ झालेली असली तर ती पुढच्या हंगामात, त्या बियाच्या वेलावरच कळते. म्हणून घरच्या बियाच्या वेलाचे पहिले कोवळे फळ चिरले की छोटासा तुकडा जिभेला लावून थुंकावा. कडू लागले तर ते शिजवू नये, वेल उपटून टाकावा. कडू दुधीने, विशेषतः त्याच्या रसाने, जिवावर बेतणारी विषबाधा होते.

यावर उपाय एकच: हाताने परागीकरण. काम पाच मिनिटांचे आहे, वेळ मात्र चुकता कामा नये. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, दुधीचीही पांढरी फुले दिवेलागणीला. काकडी, कारले, घोसाळे आणि लाल भोपळा सकाळी उमलतात. मादी फुलाच्या मागे बोटभर किंवा त्याहून लहान फळ आधीच असते, नर फुलाच्या मागे नुसता देठ.

उमलण्याच्या काही तास आधी, म्हणजे सकाळी उमलणाऱ्या वेलांना आदल्या संध्याकाळी आणि दोडका-दुधीला दुपारी तीन-चारला, फुगलेल्या आणि रंग दाखवू लागलेल्या कळ्या शोधाव्या. एक मादी, दोन-तीन नर. नर शक्यतो दुसऱ्या वेलावरचे. कळीच्या टोकाला दोऱ्याची सैल गाठ मारावी किंवा पातळ कापडाची पिशवी चढवावी, म्हणजे माशी आत शिरणार नाही. उमलायची वेळ झाली की नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्या, मादी फूल सोडावे आणि नराच्या मधल्या पिवळ्या दांड्यावरचा पराग मादीच्या मधल्या भागावर सगळीकडून हलक्या हाताने लावावा. लगेच पुन्हा पिशवी बांधून दोन-तीन दिवस ठेवावी. देठाला खुणेचा दोरा सैल बांधावा, देठ पुढे जाड होतो आणि घट्ट दोरा त्यात रुततो.

चार-पाच दिवसांत फळ वाढू लागले तर साधले. पिवळे पडून गळाले तर पुन्हा दुसऱ्या फुलावर करावे. गळण्याची नेहमीची कारणे म्हणजे पावसाने भिजलेला पराग, उशिरा गाठलेले फूल, किंवा वेलावर आधीच लगडलेली फळे. हे तिसरे कारण लोकांच्या लक्षात येत नाही. फळे पिकायला लागली की वेल नवी फळे धरायचे थांबतो. म्हणून बियाच्या वेलावरची पहिली दोन-तीन फळे भाजीला कोवळी काढावी, नंतरची दोन बियाला राखावी आणि त्यापुढची पुन्हा खुडत राहावी.

भेंडी आणि मिरचीला इतका खटाटोप लागत नाही. त्यांचे फूल आपल्याच परागाने फळते, माश्या मात्र भेसळ करतात. उमलण्याआधी भेंडीच्या कळीवर पातळ कापडाची पिशवी चढवली आणि फूल मिटल्यावर काढली की पुरे. मिरचीची एखादी फांदीच मच्छरदाणीच्या कापडात बांधावी. बांधताना तिच्यावरची आधी धरलेली फळे तोडून टाकावी. तिखट मिरचीशेजारी ढोबळी असेल तर हे कराच, नाहीतर पुढच्या वर्षी ढोबळी तिखट निघते.

तोडायचे कधी

भाजीला योग्य झालेले फळ बियाला कच्चे असते. याला अपवाद जवळजवळ फक्त टोमॅटोचा.

दोडका आणि घोसाळे वेलावरच पूर्ण वाळू द्यावे. साल तपकिरी झाली, फळ हातात हलके लागले आणि हलवल्यावर बी खुळखुळले की काढावे. टोकाचे झाकण आपोआप सुटते, फळ उलटे धरून आपटले की काळे बी पडते. झाकण वेलावरच उघडले तर बी सांडून जाते, म्हणून साल रंग बदलू लागताच टोकाला कापड बांधून ठेवावे. दुधीही तसाच, साल लाकडासारखी होईपर्यंत. फक्त परतीच्या पावसात तो मातीला टेकलेला असला तर खालून सडतो, म्हणून मांडवावर टांगता ठेवावा. लाल भोपळा देठ वाळल्यावर काढून आणखी तीन-चार आठवडे घरात ठेवावा. त्या काळात आतले बी भरत राहते. मग फोडावा, बी घ्यावे, गराची भाजी करावी.

कारल्याचे घड्याळ वेगळे. ते वाळत नाही, केशरी होऊन फुटते आणि आतला लाल गोड गर मुंग्या-पाखरे संपवतात, बीही घेऊन जातात. अर्धे केशरी झाले की तोडून घरात पिकवावे, फुटल्यावर लाल गर चोळून धुवावा आणि बी वाळवावे. बियाच्या काकडीचा रंग पिवळा-तपकिरी झाला पाहिजे. तोडल्यावर दहा-बारा दिवस ठेवून मग चिरावी.

भेंडीला फूल आल्यापासून शेंग वाळायला साधारण पाच आठवडे लागतात. शिरांवर उभ्या भेगा पडू लागल्या की तोडावी. आणखी थांबले तर बी जमिनीवर. शेंगेला बारीक छिद्र दिसले तर आत अळी आहे, ती बाजूला काढावी.

वांगे पिवळे, निस्तेज आणि निबर होईपर्यंत ठेवावे, तोडल्यावर आठवडाभर मऊ होऊ द्यावे. मग चिरून पाण्यात कुस्करावे. भरलेले बी तळाशी बसते, गर आणि पोचट बी वर तरंगते. वरचे ओतून द्यावे, असे तीन-चार पाणी. मिरची झाडावर पूर्ण लाल होऊन थोडी सुरकुतली की काढून सावलीत आठ दिवस ठेवावी, बी हातमोजे घालून काढावे. बाजारातल्या सुक्या मिरचीतले बी वापरू नये. ती तापलेल्या जमिनीवर कडक उन्हात वाळवलेली असते आणि उगवणीचा भरवसा राहत नाही.

टोमॅटोच्या बियावर बुळबुळीत आवरण असते आणि ते उगवण रोखून धरते. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर बियांसकट काचेच्या भांड्यात घ्यावा, पाणी घालू नये, वर कापड बांधावे. ऑक्टोबरच्या उकाड्यात २४ ते ३६ तासांत वर फेस आणि पांढरट साय येते, आंबूस वास सुटतो. तेवढ्यावर थांबावे. पुस्तकांतले तीन-चार दिवस थंड हवेचे असतात; आपल्याकडे तितके ठेवले तर बी भांड्यातच मोडावते. पाणी घालून ढवळावे, तळाचे बी गाळणीत धुऊन घ्यावे. काकडीचे बीही असेच, एक दिवस आंबवून.

चवळी आणि गवार या शेंगा झाडावर वाळू द्याव्या. पण हस्त-चित्राचा पाऊस आला तर चवळीला शेंगेतच मोड येतात. पावसाचा अंदाज असेल तर निम्म्याहून अधिक शेंगा पिवळ्या झालेले झाड मुळासकट उपटून पडवीत उलटे टांगावे, शेंगा तिथे वाळतात. वाल आणि पावट्याची घाई नाही, त्यांचे बी थंडी सरताना मिळते.

माठाचा तुरा हातावर झटकला आणि काळे चकचकीत बी पडले की कापावा. लाल आणि हिरवा माठ जवळ असतील तर रंग मिसळतात. झेंडूचे फूल झाडावरच पूर्ण वाळवावे. दिवाळीच्या तोरणातल्या फुलांचे थोडे बी रुजते, पण ती फुले बी भरण्याआधीच तोडलेली असतात.

वाळवण

बियाचे आयुष्य दोन गोष्टींवर ठरते: आतली ओल आणि साठवणीची उष्णता. बियाणेशास्त्रातला एक जुना ठोकताळा असा की ओल एक टक्क्याने उतरली की आयुष्य दुप्पट, आणि तापमान पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट. म्हणून वाळवणीत आळस केला तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

धुतलेले बी वर्तमानपत्रावर पसरू नये, चिकटून बसते. सुपात, ताटात किंवा ताणून बांधलेल्या मच्छरदाणीवर एका थरात पसरावे आणि पहिले दोन दिवस दर काही तासांनी हलवावे. ऊन सकाळचे, दोन-तीन तास. अकरानंतर सावलीत, वारा लागेल अशा जागी. पत्र्यावर, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर किंवा गाडीच्या टपावर कधीच नको. ओले बी चाळिशीपलीकडे तापले तर आतला कोंब मरतो, आणि बाहेरून बी छान दिसते. रात्री घरात घ्यावे, नाहीतर दवाने पुन्हा सादळते. असे दहा-पंधरा दिवस.

वाळले की नाही हे हाताने कळते. दुधी-भोपळ्याचे बी वाकवले तर कटकन मोडले पाहिजे; नुसते वाकले तर ओल आहे. चवळीवर दात दाबला तर व्रण उमटू नये. भेंडीचे बी बत्त्याने ठोकले तर फुटून चुरा व्हावा, चपटे होऊ नये.

देशावर, मराठवाड्यात, विदर्भात ऑक्टोबर सरता सरता हवा कोरडी होते आणि एवढ्यावर भागते. कोकणात, मुंबईत, गोव्यात तसे नाही. बी हवेतल्या ओलीशी जुळवून घेते, दमट हवेत महिनाभर पसरले तरी एका मर्यादेखाली वाळत नाही. तिथे तांदूळ कामी येतात. कढईत मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे तांदूळ भाजावे, डब्यात झाकून गार करावे, बियाइतकेच घेऊन बरणीत घालावे आणि बियाची कापडी पुरचुंडी त्यांच्यात ठेवून झाकण घट्ट लावावे. आठवड्याने तांदूळ बदलावे. सिलिका जेल मिळत असेल तर बियाच्या वजनाइतके, सात दिवस. तांदूळ गार झाल्याशिवाय बी घालू नये.

भुंगा आणि साठवण

चवळी, वाल, पावटा यांना भुंगेरा बरणीत लागत नाही, शेतातूनच येतो. मादी शेंगेवर किंवा बियावर अंडी घालते. बियावर पांढरे बारीक ठिपके दिसतात ते तेच. अळी आत शिरून पोखरते आणि महिन्याभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. त्यामुळे झाकण कितीही घट्ट असले तरी कीड ‘आत कुठून आली’ असा प्रश्न पडतो.

घरी सर्वांत खात्रीचा उपाय फ्रीजरचा. नीट वाळलेले बी हवाबंद बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावे, बाहेर काढल्यावर बरणी दिवसभर उघडू नये. लगेच उघडली तर हवेतली ओल गार बियावर साचते. न वाळलेले बी मात्र फ्रीजरमध्ये मरते, आतल्या पाण्याचे बर्फ होऊन पेशी फाटतात.

वीज नसेल किंवा बी जास्त असेल तर तेल किंवा राख. किलोभर कडधान्याच्या बियाला ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा खाद्यतेल किंवा एरंडेल, हाताने चोळून लावावे. तेलाच्या पातळ थराने अंडी गुदमरतात. राख गोवरीची किंवा लाकडाची, पूर्ण गार, चाळलेली, बियाइतकीच. ती बियांमधल्या फटी भरते, भुंग्याला हिंडता येत नाही, आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो. मडक्यात वर चार बोटे नुसती राख ठेवून तोंड शेणामातीने लिंपायची जुनी रीत आजही खेड्यांत चालते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या कामाचा पाया असेच घरगुती ज्ञान आहे. नुसता कडुनिंबाचा पाला मात्र पुरत नाही, आणि ओला पाला घातला तर बुरशीला निमंत्रण.

फळभाज्यांच्या आणि वेलांच्या बियाला काचेची घट्ट झाकणाची छोटी बाटली उत्तम. चिठ्ठी बाहेर चिकटवू नये, पेन्सिलीने लिहून आत टाकावी: वाण, कुठले, महिना आणि वर्ष, हाताने परागीकरण केले की नाही. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जागा असेल तर तिथे, नसेल तर घरातल्या सर्वांत गार आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. चुलीवरच्या फळीवर नको. नीट वाळवून असे ठेवलेले भेंडी आणि मिरचीचे बी साधारण दोन वर्षे, चवळी तीन, टोमॅटो आणि वांगी चार, वेलांचे बी चार वर्षे चांगले राहते. कांद्याचे एकच वर्ष. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत बाटली उगाच उघडू नये, एका दिवसाच्या दमट हवेने महिन्याची वाळवण जाते.

उगवण पाहणे

हे काम वैशाखात. काढल्याबरोबर पाहू नये, ताज्या वांग्याच्या आणि कारल्याच्या बियात झोप असते आणि चांगले बीही उगवत नाही. वीस बिया ओल्या सुती फडक्यात रांगेने ठेवून गुंडाळी करावी, सैल बंद केलेल्या पिशवीत घरातल्या उबदार जागी ठेवावी. भेंडी रात्रभर भिजवून, कारल्याच्या बियाची टोकाकडची कड नखकापणीने किंचित कापून घ्यावी. चवळी, भेंडी, वेल आठ-दहा दिवसांत कळतात, मिरची-वांग्याला चौदा दिवस द्यावे. सरकारी नियमांत किमान उगवण भेंडीला ६५ टक्के, टोमॅटो-वांग्याला ७०, मिरची आणि वेलांना ६०, चवळीला ७५ अशी धरली आहे. वीसपैकी बारा वेलांचे बी उगवले तर निर्धास्त लावावे. सात-आठच उगवले तर आळ्यात दोनऐवजी चार बिया टाकाव्या. त्याहून कमी असेल तर त्या वाणाचे बी मिळवायची खटपट पावसाआधी करावी.

दुसऱ्याचे बी घेताना आणि देताना कायद्याची धास्ती नको. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली नोंदलेल्या, वाणाचे बी मात्र ब्रँडच्या नावाने पाकिटात घालून विकता येत नाही.

पेरताना सगळे बी एकदम बाहेर काढू नये. निम्मे बाटलीत राहू द्यावे. मृगाने ओढ दिली, रोपे करपली किंवा गोगलगायींनी खाल्ली, तर दुबार पेरणीला तेच बी लागते.